बारावी सायन्सनंतर सोशिओलॉजी-अँथ्रोपॉलॉजी: मुलीला पाठवायचं का, आणि पुढे काम कुठे मिळतं

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मुलगी यंदा बारावी सायन्स झाली, बायो होतं, नीटचा स्कोअर सरकारी कॉलेजपर्यंत पोचत नाही, रिपीट करायला ती तयार नाही आणि आता म्हणते मला बीए करायचंय, सोशिओलॉजी (समाजशास्त्र) नाहीतर अँथ्रोपॉलॉजी (मानववंशशास्त्र). तुम्ही मुलुंडला राहता, तिला लगेच बाहेरगावी ठेवायची तयारी नाही, मिस्टरांचं म्हणणं की आर्ट्सला जायचं म्हणजे दोन वर्षं आणि क्लासची फी पाण्यात. आणि तुम्ही विचारलंय की या विषयांना स्कोप आहे का, दोघांत फरक काय, आणि शेवटी नोकरी कुठे लागते. मी कलिनाला, मुंबई विद्यापीठात, सोशिओलॉजीत एमए केलं आणि तेव्हापासून संशोधनाच्याच कामात आहे, आधी संस्थांसाठी सर्व्हे, मग काही वर्षं मार्केट रिसर्च, आता सीएसआर प्रकल्पांचं, म्हणजे कंपन्यांच्या पैशांतून होणाऱ्या सामाजिक कामांचं, मूल्यमापन. आमच्याकडे नवीन मुलंमुली घेताना मुलाखती मी घेते, त्यामुळे जे लिहितेय ते कामावर घेणाऱ्या माणसाला काय दिसतं त्यावरून लिहितेय.

आधी एक गोष्ट. "स्कोप आहे का" असं विचारलं की लोक हो तरी म्हणतात नाहीतर नाही तरी म्हणतात आणि दोन्ही उत्तरं अर्धवट असतात. नर्सिंग केलं की नर्स, सीए झालं की सीए, तिथे डिग्रीच्या नावाचीच नोकरी असते. सोशिओलॉजीचं तसं नाहीये. "सोशिओलॉजिस्ट पाहिजे" अशी जाहिरात तुम्हाला क्वचितच दिसेल. जाहिराती असतात रिसर्च असोसिएट, प्रोग्रॅम ऑफिसर, मॉनिटरिंग अँड इव्हॅल्युएशन ऑफिसर, फील्ड कोऑर्डिनेटर, यूएक्स रिसर्चर (लोक ॲप, वेबसाइट कशी वापरतात ते बघणारे), क्वालिटेटिव्ह रिसर्च एक्झिक्युटिव्ह अशा, आणि त्यासाठी सोशिओलॉजीवाली, इकॉनॉमिक्सवाली, सायकॉलॉजीवाली, एमएसडब्ल्यूवाली (समाजकार्यात मास्टर्स केलेली), सगळेच अर्ज करतात. म्हणून तुमच्या घरातला खरा प्रश्न मला असा वाटतो की या तीन-चार वर्षांत मुलीला असं कुठलं काम येऊ लागेल जे नुसतं बीए झालेल्या बाकीच्या शंभर जणांना येत नाही. ते येणार असेल तर हा चांगला रस्ता आहे. नोट्स पाठ करून टीवाय काढायचं असेल तर मिस्टरांची काळजी रास्त आहे, आणि हे मी स्पष्टच सांगते कारण दोन्ही प्रकारची मुलं माझ्यासमोर येऊन बसतात.

ते काम म्हणजे नेमकं काय ते एका उदाहरणानं सांगते. मार्केट रिसर्चमध्ये असताना आमच्याकडे पैसे साठवण्याच्या एका मोबाइल ॲपचं काम आलं होतं. कंपनीच्या टीमनं भांडुपच्या चाळींतल्या बायकांना आधी स्वतः जाऊन विचारलं होतं, तुम्ही बचत करता का, आणि बहुतेक जणींनी सांगितलं, आमची कुठली हो बचत, महिना सरला तरी पुष्कळ. टीमनं निष्कर्ष काढला की या बायका बचत करत नाहीत. आम्ही गेलो तेव्हा बचत शब्दच काढला नाही, गप्पा मारता मारता विचारलं, भिशी कितीजणींची आहे तुमची? आणि मग सगळं बाहेर आलं, कुणाची दोन भिश्यांत नावं, पहिला नंबर कुणाला द्यायचा, गणपतीच्या आधी उचल कुणी घ्यायची, एखादीनं हप्ता चुकवला तर तिच्या वतीनं कोण भरतं, नवऱ्याला किती सांगायचं आणि किती नाही. बायका महिन्याला ठरलेली रक्कम वर्षानुवर्षं बाजूला काढत होत्या, फक्त त्यांच्या मते ती बचत नव्हती, ते देणं होतं, कारण शेजारणीला दिलेला शब्द होता. आणि हे कळल्यावर ॲपमध्ये काय ठेवायचं आणि काय नाही हा सगळा विचारच बदलला.

ही जी नजर आहे ना, की माणूस काय सांगतो, काय करतो आणि त्या करण्याला तो स्वतः काय समजतो या तीन वेगळ्या गोष्टी असतात, ती या विषयांत शिकवली जाते आणि बाजारात तिलाच किंमत आहे. सर्व्हेच्या फॉर्ममध्येसुद्धा तेच. "कुटुंबप्रमुख कोण" असा साधा प्रश्न असतो, घरातली बाई नवऱ्याचं किंवा सासऱ्याचं नाव सांगते. पण २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे रेशनकार्डासाठी घरातली अठरा वर्षांवरची सर्वांत मोठी बाई कुटुंबप्रमुख धरतात, त्यामुळे त्याच घरात कार्डावर सासूबाईंचं नाव निघतं, आणि घरखर्च कोण चालवतं विचारलं तर तिसरंच नाव येतं, बऱ्याचदा धुणीभांडी करणाऱ्या सुनेचं. आता तुमच्या अभ्यासात "प्रमुख" म्हणून नेमकं कुणाला धरायचं? हे ठरवायला येणारी मुलगी आणि फॉर्म नुसता भरून आणणारी मुलगी यांच्यात पुढे पगाराचा फार मोठा फरक पडतो.

आता फरकाचं. पुस्तकात वाचाल तर सोशिओलॉजी म्हणजे समाजाच्या संस्थांचा, वर्ग, जात, कुटुंब, शहर, उद्योग यांचा अभ्यास, आणि अँथ्रोपॉलॉजी म्हणजे माणसाचा अभ्यास, त्याच्या चार शाखा, सामाजिक-सांस्कृतिक, जैविक, पुरातत्त्वाची आणि भाषेची. पूर्वी अँथ्रो म्हणजे आदिवासी आणि सोशिओलॉजी म्हणजे शहर अशी ढोबळ वाटणी होती, ती आता उरलेली नाही, अँथ्रोपॉलॉजिस्ट बँकांचा अभ्यास करतात आणि सोशिओलॉजीवाले पालघरच्या पाड्यांवर जातात. पद्धतीत फरक जाणवतो, अँथ्रोमध्ये एका ठिकाणी खूप काळ राहून, तिथलं बोलणं शिकून, बघत बघत लिहिणं याला जास्त मान आहे. आपल्या मुंबईत तर हे दोन्ही सुरुवातीपासून एकमेकांत मिसळलेले आहेत. मुंबई विद्यापीठाचा समाजशास्त्र विभाग १९१९ चा, पॅट्रिक गेडिस पहिले प्रमुख, १९२४ पासून गो. स. घुर्ये, आणि घुर्ये स्वतः केंब्रिजला रिव्हर्स आणि हॅडन या मानववंशशास्त्रज्ञांकडे शिकून आलेले. त्यांच्या हाताखाली एम. एन. श्रीनिवास, इरावती कर्वे, अ. र. देसाई अशी माणसं तयार झाली. इरावतीबाईंनी मुंबईत समाजशास्त्रात एमए केलं आणि बर्लिनला जाऊन डॉक्टरेट केली ती मानवी कवटीच्या दोन बाजूंतल्या असमानतेवर, आणि नंतर नाव झालं ते नातेसंबंधांच्या, कुटुंबव्यवस्थेच्या अभ्यासासाठी. तुमच्या मुलीची बायो फुकट गेली असं कुणी म्हटलं तर त्यांना हे जरूर सांगा. आणि बाबासाहेबांचा जातीच्या उगमावरचा तो प्रसिद्ध निबंध, तो ९ मे १९१६ ला कोलंबिया विद्यापीठात वाचला गेला तो अँथ्रोपॉलॉजीच्याच सेमिनारमध्ये. आपल्याकडे जातीबद्दल, घरकामाबद्दल, गिरणी बंद झाल्यावर लालबाग-परळच्या घरांचं काय झालं याबद्दल जे नीट बोलता येतं त्याच्या मागे या दोन्ही विषयांचं काम आहे, म्हणून मला कुणी याला "सोपा विषय" म्हटलं की वाईट वाटतं.

प्रवेशाचं बोलायचं तर मुंबईत बीएला सोशिओलॉजी बऱ्याच कॉलेजांत आहे, पण अँथ्रोपॉलॉजी अशी स्वतंत्र पदवी इथे सहज मिळत नाही. झेवियर्समध्ये विभागाचंच नाव सोशिओलॉजी अँड अँथ्रोपॉलॉजी आहे, तिथे दोन्हीची चव मिळते, बाकी ठिकाणी सोशिओलॉजीच्या पेपरांतून जेवढं येईल तेवढं. अँथ्रोपॉलॉजीच मुख्य हवी असेल, त्यातही जैविक शाखा हवी असेल, तर दिल्ली विद्यापीठात बीएस्सी अँथ्रोपॉलॉजी आहे आणि सायन्सची बारावी तिथे उपयोगी पडते, प्रवेश सीयूईटी या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेवर होतो. तुम्हाला आत्ता बाहेर पाठवायचं नाहीये तर दुसरा मार्ग मला जास्त पटतो, आत्ता मुंबईत सोशिओलॉजी मेजर, म्हणजे मुख्य विषय, आणि नंतर मास्टर्सला पुणे, तिथे सावित्रीबाई फुले विद्यापीठात अँथ्रोपॉलॉजीचा जुना विभाग आहे. किंवा हैदराबाद. तोपर्यंत मुलगी एकवीस वर्षांची होईल, तुमचीही भीती कमी झालेली असेल आणि तिलाही कळलेलं असेल की तिला नक्की काय आवडतं. नवीन शैक्षणिक धोरणात तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं किंवा चौथं वर्ष करून ऑनर्स घेता येतं आणि मग एमए एका वर्षात होतं, त्यामुळे चौथ्या वर्षाचा निर्णय आत्ता घ्यायची गरज नाही. मायनर, म्हणजे जोडीचा विषय, मात्र विचार करून घ्या. सायकॉलॉजीकडे सगळ्या मुलींचा ओढा असतो, पण मी स्टॅटिस्टिक्स किंवा इकॉनॉमिक्स मिळत असेल तर ते घ्यायला सांगेन, सायन्सच्या मुलीला आकड्यांची भीती नसते आणि आमच्या क्षेत्रात आकडे आणि माणसं दोन्ही समजणारी माणसं फार थोडी आहेत.

इथे एक गोंधळ मिटवते कारण दरवर्षी कुणीतरी त्यात सापडतं. बीए किंवा एमए सोशिओलॉजी आणि बीएसडब्ल्यू-एमएसडब्ल्यू या वेगळ्या गोष्टी आहेत. हॉस्पिटलमधला मेडिकल सोशल वर्कर किंवा पेशंटच्या घरच्यांशी बोलून मदत मिळवून देणारी, वस्तीत कार्यक्रम चालवणारी माणसं, अशा बऱ्याच जाहिरातींत एमएसडब्ल्यू स्पष्ट मागितलेलं असतं आणि तिथे एमए सोशिओलॉजी चालत नाही. मुलीला लोकांबरोबर थेट मदतीचं काम करायचंय की समाज समजून घेऊन लिहायचं-मोजायचंय, हे तिला विचारा. पहिलं असेल तर निर्मला निकेतन आहे, १९५५ पासूनचं, टिस म्हणजे टाटा सामाजिक विज्ञान संस्था आहे. दुसरं असेल तर सोशिओलॉजी. दोन्ही हवं असेल तर बीए सोशिओलॉजी आणि मग एमएसडब्ल्यू हाही चांगला रस्ता आहे, माझ्या बरोबरीच्या बऱ्याच जणी त्याच वाटेनं गेल्या.

नोकऱ्यांकडे येते. मुंबईत सगळ्यात जास्त वाढलेलं काम मी बघते ते सीएसआरमुळे. २०१३ च्या कंपनी कायद्यातल्या कलम १३५ नं मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के सामाजिक कामावर खर्च करायला लावले, आणि कंपन्यांची मुख्य ऑफिसं फोर्टात, बीकेसीत, अंधेरीत. मग जानेवारी २०२१ मध्ये नियम बदलले आणि ज्या कंपन्यांची ही रक्कम सरासरी १० कोटी किंवा जास्त होते त्यांना १ कोटी किंवा त्याहून मोठ्या प्रकल्पांचं बाहेरच्या स्वतंत्र संस्थेकडून मूल्यमापन करून घ्यावं लागतं. म्हणजे शाळेला टॅब दिले, पाण्याच्या टाक्या बांधल्या, मुलींना शिवण शिकवलं, तर त्याचं पुढे झालं काय हे कुणीतरी जाऊन बघायचं, मोजायचं आणि लिहायचं. हे काम सोशिओलॉजीवाल्याच्या हातचं आहे. मी बघितलेली चांगली मुलं इथे पहिली दोन वर्षं फील्डवर असतात, मग अहवाल लिहायला लागतात, मग प्रकल्प सांभाळतात. सुरुवातीचा पगार आयटीतल्या मित्रमैत्रिणींपेक्षा कमी असतो, हे घरात आधीच बोलून ठेवा म्हणजे नंतर तुलना होऊन मुलीला कमीपणा येणार नाही. चार-पाच वर्षांनी ज्याला इंग्रजीत नीट अहवाल लिहिता येतो त्याचं बरं चालतं, ज्याला येत नाही तो फील्डवरच अडकतो, आणि त्याची बुद्धी कमी असते म्हणून नाही, लिहिण्याची सवय कुणी लावली नाही म्हणून. ही गोष्ट मला मनापासून लागते.

संस्थांचं काम याच्या शेजारचं. मुंबईत त्यांची मोठी परंपरा आहे, वस्त्यांत काम करणाऱ्या स्पार्क आणि युवा दोन्ही १९८४ च्या, शिक्षणात काम करणारी 'प्रथम' ही संस्था १९९५ मध्ये इथेच सुरू झाली आणि २००५ पासून देशभर मुलांच्या वाचन-गणिताचा असर सर्व्हे करते. शहराच्या पुनर्वसनाचं कामही आहे. रेल्वे रुळांलगतची हजारो घरं हलवून मानखुर्दला लल्लूभाई कंपाउंड, चेंबूरला वाशी नाका इथल्या इमारतींत नेली तेव्हा आधी घराघराचा सर्व्हे करावा लागला, कोण किती वर्षं राहतं, कुठे काम करतं, आणि घर मिळाल्यावरही कामाची जागा लांब पडली तर बाईची कामं सुटतात हे नंतरच्या अभ्यासांतून दिसलं. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात सामाजिक आघात मूल्यांकनाची, म्हणजे प्रकल्पाचा लोकांवर काय परिणाम होईल ते आधी तपासण्याची, तरतूद आहे, सगळ्याच प्रकल्पांना ती लागू होते असं नाही, पण हे कसं करतात हे माहीत असलेली माणसं सल्लागार कंपन्यांना लागतात.

मग आरोग्य, आणि इथे तुमच्या मुलीसाठी मला खास आशा वाटते कारण तिची बायो झालीये. देवनारला आयआयपीएस ही लोकसंख्या अभ्यासाची संस्था आहे, १९५६ पासून, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचं काम तिथून चालतं, पहिलं १९९२-९३ ला, पाचवं २०१९-२१ ला. लोकसंख्येचा अभ्यास, कुपोषण, बाळंतपण, स्थलांतर या विषयांत मास्टर्स तिथे करता येतं. परळला केईएमच्या आवारात आयसीएमआरची (केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेची) रक्तविज्ञानाची संस्था आहे, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावर तिथे काम होतं, आणि सिकलसेलसारखा आजार म्हणजे अर्धा जीवशास्त्र आणि अर्धा समाज, कुठल्या जमातींत जास्त, लग्नं कुणाकुणात होतात, तपासणीला बाई का येत नाही, पॉझिटिव्ह निघाल्यावर मुलीचं लग्न मोडेल ही भीती कशी हाताळायची. नुसता डॉक्टर हे एकटा करू शकत नाही, आणि नुसता समाजशास्त्रवालाही नाही. दोन्हीकडचं थोडं थोडं समजणारी मुलगी पब्लिक हेल्थमध्ये फार उपयोगाची असते. डॉक्टर व्हायचं राहिलं याचं तिला किंवा तुम्हाला वाईट वाटत असेल तर हा रस्ता एकदा दोघींनी बसून नीट बघा.

सरकारी बाजूला अँथ्रोपॉलॉजीसाठी थेट जागा म्हणजे भारतीय मानववंशशास्त्र सर्वेक्षण, १९४५ ची संस्था, मुख्यालय कोलकाता, नागपूरला केंद्र आहे. १९८५ ला सुरू झालेल्या पीपल ऑफ इंडिया प्रकल्पात त्यांनी देशातल्या ४,६३५ समाजांची नोंद केली. तिथे त्याच विषयातली मास्टर्स लागते आणि जागा थोड्याच निघतात, त्यामुळे त्याच्यावर एकट्यावर विसंबू नका. राज्यात आदिवासी विभागाची पुण्याची संशोधन संस्था आहे, आणि कातकऱ्यांसाठीच्या योजनांमुळे पालघर-रायगडात अभ्यासाची कंत्राटी कामं निघत असतात. जनगणना २०२७ ला होतेय आणि तिच्यात जातींची नोंद होणार आहे, तो डेटा बाहेर पडला की तो समजून घेणारी माणसं बरीच लागतील असं माझं मत आहे.

यूपीएससीचा मुद्दा मिस्टर नक्की काढतील. सोशिओलॉजी आणि अँथ्रोपॉलॉजी दोन्ही ऑप्शनल आहेत, दोन पेपर, एकूण ५०० मार्क, आणि एमपीएससीची राज्यसेवा मुख्य परीक्षाही आता त्याच वर्णनात्मक पद्धतीवर आलीये. अँथ्रो सायन्सच्या मुलांना आवडते कारण त्यात उत्क्रांती, जनुकं, आकृत्या असतात. पण ऑप्शनल घ्यायला त्या विषयाची डिग्री लागत नाही, इंजिनीअर झालेली मुलं सोशिओलॉजी घेतातच. त्यामुळे केवळ परीक्षेसाठी हे बीए करू नका. करताना आवडलं आणि परीक्षा द्यावीशी वाटली तर तयारी अर्धी झालेली असेल, एवढंच.

शिकवण्याबद्दल मात्र सावध करते. अकरावी-बारावीला शिकवायला एमए बीएड, सीनियर कॉलेजला नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा, पुढे पीएचडी. जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर पीएचडीचा खर्च निघतो. पण कायम जागा फार हळू भरतात आणि आपल्याकडे नेट-सेट झालेली कितीतरी मुलं तासिका तत्त्वावर, तासाच्या पैशांवर, वर्षानुवर्षं काढतायत. ज्यांच्या घरात दुसरा पगार आहे त्यांना ते झेपतं, ज्यांच्यावर घर आहे त्यांना नाही. शिकवायची खरी ओढ असेल तरच हा रस्ता, आणि सोबत संशोधनाचं काम सुरू ठेवून.

बाकी यूएक्स रिसर्च, जाहिरात कंपन्यांचा प्लॅनिंग विभाग, पत्रकारिता, बीएनंतर तीन वर्षांचं एलएलबी, म्युझियमचं काम, एचआर, हे सगळं होतं आणि माझ्या ओळखीची माणसं त्यात आहेत. प्रत्येकाला वर एक काहीतरी जोडावं लागलंय, कुणी म्युझियॉलॉजीचा डिप्लोमा केला, कुणी डिझाइनच्या लोकांबरोबर दोन वर्षं काढली.

तुमच्या परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते पण सांगायला हवं. पहिलं म्हणजे घरून तिला किती वर्षं शिकवता येईल. बीएनंतर लगेच कमावणं गरजेचं असेल तर हे विषय घेऊ नयेत असं नाही, पण मग पहिल्या वर्षापासून कौशल्यावर भर द्यावा लागेल, कारण या क्षेत्रातल्या बऱ्या जागा मास्टर्सनंतरच्या आहेत. टिस, आयआयपीएस यांची फी, हॉस्टेल, स्कॉलरशिप हे आत्ताच बघून ठेवा, टिसला आता मास्टर्सचा प्रवेश सीयूईटी पीजीवरून सुरू होतो. दुसरं म्हणजे भाषा. तिचं मराठी चांगलं असेल तर ती तिची ताकद आहे, फील्डवर बाई मराठीत जे बोलते ते इंग्रजीत विचारणाऱ्याला कधी सांगत नाही. पण वाचन इंग्रजीत असतं, अहवाल इंग्रजीत असतो, त्यामुळे रोज थोडं वाचून थोडं लिहायला लागेल. तिसरं, स्वभाव. अनोळखी घरात जाऊन बसणं, ऐकत राहणं, उन्हातान्हात फिरणं ज्यांना सोसत नाही त्यांना हे काम जड जातं. अशा मुलींनी डेटाची बाजू धरली तरी चालतं.

कॉलेजच्या वर्षांत तिनं काय करावं यावर मी सगळ्यात जास्त जोर देईन, कारण मुलाखतीत मी मार्कशीट एकदाच बघते आणि मग विचारते, तू स्वतः जाऊन काय अभ्यासलंस? दरवर्षी एक छोटा अभ्यास करायचा, घराजवळचा, खर्च न लागणारा. मुलुंडहून रोज गाडीनं जाणार असेल तर लेडीज डब्यातले ठरलेले ग्रुप घ्या, जागा कशी धरतात, नवीन बाईला ग्रुपात कधी घेतात, हळदीकुंकू कोण करतं, भांडण झालं तर कोण मिटवतं. किंवा तुमच्याच सोसायटीत रिडेव्हलपमेंटची बोलणी चालू असतील तर भाडेकरू, जुने मालक, बाहेर राहणारे मालक, मीटिंगला कोण बोलतं आणि कोण गप्प बसतं. किंवा आरेतला एखादा वारली पाडा, पण तिथे एकटीनं वहीपेन घेऊन जायचं नाही, आधीपासून काम करणाऱ्या कुणाबरोबर जायचं. प्रत्येक वेळी परवानगी विचारायची, नावं बदलायची, न विचारता फोटो काढायचा नाही, आणि घरी आल्यावर त्याच रात्री लिहून काढायचं, दुसऱ्या दिवशी निम्मं विसरलेलं असतं. असे तीन अभ्यास, प्रत्येकी दहा-बारा पानांचे, नीट लिहिलेले, एवढे जरी तिच्या फाइलमध्ये असतील तरी ती बाकीच्या अर्जांतून वर येते. याच्याबरोबर एक्सेल चांगलं, आकडेवारीसाठीच्या एसपीएसएस किंवा आर या सॉफ्टवेअरपैकी एक, मोबाइलवर फॉर्म भरायचं कोबोसारखं एखादं साधन, आणि रेकॉर्ड केलेली मुलाखत ऐकून शब्दन् शब्द उतरवून काढायचा सराव. मुलाखत उतरवणं कंटाळवाणं आहे, पण त्यातूनच कान तयार होतो. सुट्टीत इंटर्नशिप करताना ती कुठल्या मोठ्या नावाची आहे यापेक्षा तिला फील्डवर नेतात की ऑफिसात बसवून पोस्टर करायला लावतात हे बघा.

म्हणजे आतापर्यंतचं एवढं, की सोशिओलॉजी मुंबईत आणि अँथ्रो हवी असेल तर नंतर पुण्यात, आकड्यांचा एक विषय जोडीला, दरवर्षी एक अभ्यास, आणि मास्टर्सचा खर्च धरून हिशेब. सायन्सची दोन वर्षं वाया जात नाहीत, आरोग्याकडे वळली तर उलट कामाला येतात.

मिस्टरांशी बोलताना सोशिओलॉजी चांगलं की वाईट यावर वाद घालू नका, त्यानं काही निघत नाही. त्यांना घेऊनच दोन-तीन कॉलेजांत जा, फॉर्म भरायच्या आधी, आणि विभागात बसलेल्या मॅडमना विचारा की मेजरला फील्डवर्क किंवा प्रोजेक्ट कितव्या वर्षापासून आहे, ते घरी बसून नेटवरून करता येतं की मुलांना खरंच बाहेर पाठवतात, रिसर्च मेथड्स कोण शिकवतं, स्टॅटिस्टिक्सचं प्रॅक्टिकल संगणकावर होतं का, मागच्या तीन बॅचची मुलं कुठे गेली ते विभागाला माहीत आहे का, आणि लायब्ररीतून टीवायच्या मुलांचे जुने प्रोजेक्ट बघायला मिळतील का. हे शेवटचं नक्की मागा. दोन प्रोजेक्ट चाळले की पाच मिनिटांत कळतं तिथे मुलांकडून काम करून घेतात की नाही. कटऑफ कमी असलेल्या एखाद्या कॉलेजात ही उत्तरं चांगली मिळाली आणि नाव असलेल्या ठिकाणी नाही मिळाली, तर मी मुलीला पहिल्या ठिकाणी घालेन. तिचे विषय आणि मार्क इथे लिहिलेत तर मायनर कुठला घ्यावा ते मी नीट बघून सांगेन.